वखारीतला श्वास

माझ्या आईनं ज्या वखारीत वर्षानुवर्षं तंबाखू चाळली, त्याच वखारीत मी पन्नाशीला येऊन श्वास घ्यायला शिकले. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला गंमत वाटते. पुढचं सांगितलं की तो गप्प होतो. म्हणून बहुतेक वेळा मी पुढचं सांगतच नाही.

मी बेळगावात टिळकवाडीत राहते आणि बँकेत नोकरी करते. आई निपाणीत एकटी. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आईला दमा होता, आणि थंडी सुरू झाली की तो वाढायचा. रात्री ती आडवी होऊ शकायची नाही. भिंतीला दोन उशा लावून बसल्या बसल्या झोपायची. बेळगावला चल म्हटलं की म्हणायची, "तिथं मला कोण वळखतंय?" त्या वर्षी दिवाळी झाल्यावर तिचा दम इतका वाढला, की मी निपाणीच्या शाखेत बदली मागून घेतली. मुलगी पुण्याला नोकरीला लागलेली. नवरा म्हणाला, "जा तू. मी करून खातो माझं."

बदली होण्याआधी मी शनिवार-रविवार बसनं ये-जा करत होते. अशाच एका खेपेला तवंदी घाटात बस वळणाला लागली आणि माझा श्वास अडकला. खरोखर अडकला. आत घेतलेली हवा बाहेर जाईना आणि बाहेरची आत येईना. हातांना मुंग्या आल्या, समोरच्या माणसाची पाठ लांब लांब जायला लागली. मला वाटलं, संपलं. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली तोंडाला लावली, पाठ चोळली. निपाणी स्टँडवर उतरेपर्यंत सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त अंगातला ब्लाउज घामानं चिंब. नंतर ते पुन्हा झालं, काउंटरवर बसलेली असताना. मग एकदा आंघोळ करताना.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. म्हणाले, "हृदय उत्तम आहे. तुमच्या मानेचा आणि पाठीचा मात्र दगड झालाय. आणि झोप नाही. मनाला भीतीची सवय लागलीय तुमच्या, ती मोडायला हवी. योगासनं सुरू करा. रोज. एखाद्या शिकवणाऱ्याकडंच जा, मोबाईलवर बघून करू नका."

निपाणीत चौकशी केली तर आईच्या घरापासून चालत जाता येईल असा एकच वर्ग होता. बायकांचा, सकाळचा. जागा ऐकली आणि मी आईकडं बघितलं. आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"ती वखार बंद हाय कवाची," ती म्हणाली.

"मालकाच्या नातवानं साफ करून दिलीय, योगाच्या वर्गासाठी."

"व्हय?" म्हणाली, आणि तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. मग बराच वेळ तिनं काही निवडलं नाही, नुसता हात फिरवत राहिली.

वखार मी लहानपणी बाहेरूनच बघितली होती. उंच दगडी भिंती, कौलारू छप्पर, आणि बैलगाडी आत जाईल एवढं दार. आता भिंतींना चुना दिला होता, खाली शहाबादी फरशी घातली होती, एका कडेला चटयांची चवड. पण आत पाऊल टाकलं आणि वास आला. तंबाखूचा. गोडसर, उग्र, घशात जाऊन बसणारा. लहानपणी आई कामावरून आली की तिच्या पदराला असायचा तोच. वखार रिकामी होऊन इतकी वर्षं झाली, चुना कितीदा दिला असेल, तरी सकाळच्या दवात भिंती ओलसर झाल्या की वास बाहेर यायचा. नवीन बायका शिंकायच्या. जुन्या म्हणायच्या, सवय होईल.

शिकवणाऱ्या बाई कानडी शाळेतून निवृत्त झालेल्या. साठीच्या, काटक, केसांचा घट्ट अंबाडा. मराठी छान बोलायच्या, पण आसनं शिकवताना जिभेवर कानडीच यायची. "उसिरु तगोळ्ळी," म्हणजे श्वास घ्या. "उसिरु बिडी," म्हणजे सोडा. पहिल्या दिवशी 'बिडी' ऐकून विड्या वळणाऱ्या दोघी बायका पदर तोंडाला लावून हसल्या. बाईही हसल्या. म्हणाल्या, "हसा. हसतानाही उसिरु सुटतोच."

पहिल्या दिवशी माझे हात डोक्यावर सरळ जात नव्हते. वज्रासनात बसले तर घोटे ओरडायला लागले. बाई माझ्यामागं येऊन उभ्या राहिल्या, दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हणाल्या, "हे खांदे कानाला कशाला लावलेत? खाली आणा. कुणी मारत नाही तुम्हाला." मला एकदम रडू आलं. का, ते मला सांगता यायचं नाही.

शेवटी शवासन. सगळ्या जणी आडव्या झाल्या, डोळे मिटले. बाईंचा आवाज पायाच्या अंगठ्यापासून वर वर येत गेला आणि थांबला. वखारीत शांतता झाली.

तेव्हा मला तो श्वास पहिल्यांदा ऐकू आला.

माझ्या डाव्या बाजूला, भिंतीकडून. श्वास आत जाताना वरच्या टोकाला किंचित अडायचा, जिना चढताना पाय अडखळावा तसा, आणि बाहेर येताना शेवटी बारीक शिट्टी वाजायची. मला वाटलं, शेजारच्या बाईला सर्दी असेल. पण शेजारची बाई उजव्या बाजूला होती. मी डोळे किलकिले करून डावीकडं बघितलं. माझी चटई त्या ओळीतली शेवटची. पुढं मोकळी फरशी, आणि कोपऱ्यात जाळीची एक लहान खिडकी. तिच्याखाली कुणी नव्हतं.

मी डोळे मिटले. श्वास चालूच होता.

त्या दिवशी मी कुणाला काही बोलले नाही. नवी जागा, जुनी इमारत, कौलांत चिमण्या. वाटलं, असेल काहीतरी. पण दुसऱ्या दिवशी एक गोष्ट लक्षात आली. वखार मोठी होती, पण बायका इतक्या यायच्या की चटईला चटई लागायची. तरीही खिडकीखालचा तो कोपरा सगळ्या जणी सोडून देत. कुणी ठरवलेलं नव्हतं. मी एकीला विचारलं तर म्हणाली, "तिथं फरशी गार लागती ओ." मी जाऊन तळपाय टेकवून बघितला. खरंच गार होती.

पंधरवडा गेला, महिना गेला. माझी मान वळायला लागली. बँकेत खुर्चीत बसल्या बसल्या मी खांदे खाली सोडायला शिकले. रात्री झोप लागू लागली, आणि ती पहाटेपर्यंत टिकू लागली. एकदा काउंटरवर पुन्हा तो प्रकार सुरू झाला. हाताला मुंग्या आल्या, समोरचा माणूस लांब जायला लागला. मी टेबलाची कड धरली आणि बाईंनी शिकवलं होतं तसा श्वास सोडला. घ्यायच्या आधी सोडला. अगदी हळू, संपेपर्यंत. मग तो आपोआप आत आला. समोरचा माणूस पुन्हा जिथल्या तिथं आला आणि म्हणाला, "मॅडम, पासबुक भरून मिळंल न्हवं?" त्या दिवशी मी घरी येऊन आईला गोड शिरा करून घातला. काय निमित्त, विचारलं तिनं. मी सांगितलं नाही.

एकीकडं हे असं बरं होत होतं. दुसरीकडं माझा श्वास जितका शांत होत गेला, तितका तो कोपऱ्यातला जास्त स्पष्ट ऐकू यायला लागला. आधी फक्त शेवटची शिट्टी ऐकू यायची. मग अडखळणं. मग श्वास घेण्याआधी कुणीतरी थुंकी गिळल्याचा बारीक आवाज. आणि एक दिवस कापडाची सळसळ, जसं कुणी पदर सावरून नीट बसावं.

मी बाईंना एकटं गाठून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बाहेरचा गलबला थांबला की माणसाला स्वतःच्याच आतले आवाज ऐकू येतात. नाडी, पोट, छाती. भिऊ नका. आणि त्या जाळीतून वारं येतं." दुसऱ्या दिवशी त्यांनी जाळीला आतून जाड कापड ठोकून घेतलं. वारं थांबलं. श्वास थांबला नाही.

संक्रांतीच्या आसपास एके सकाळी फार धुकं पडलं होतं. वखारीचं दार उघडं असूनही समोरचा रस्ता दिसत नव्हता. त्यात वीज गेली. बाई म्हणाल्या, आज आसनं नकोत, अंधारात कुणाचा तोल जायचा. बसूनच भ्रामरी करू. कानांत बोटं, डोळे मिटलेले, आणि श्वास सोडताना भुंग्यासारखा आवाज. सगळ्या जणींनी एकदम सुरू केलं. त्या उंच भिंतींत आवाज घुमला आणि फरशीतून अंगात चढला. मला फार छान वाटलं. छातीतलं काहीतरी सैल होत होतं.

बाईंनी टाळी वाजवली. सगळ्या थांबल्या.

एक आवाज थांबला नाही. कोपऱ्यातून, खालच्या पट्टीत, बारीक. कुणीतरी आमचं ऐकून करून बघावं तसा. अडखळत, पण चालू. मग दम संपल्यासारखा तुटला, आणि शेवटी शिट्टी वाजली.

अंधारात कुणाचा चेहरा दिसत नव्हता. पण सगळ्यांनी ऐकलं होतं, कारण कुणीच काही बोललं नाही. बाहेर एक रिक्षा गेली. बाई हळूच कानडीत म्हणाल्या, "साकु," आणि मग मराठीत, "आज पुरे." विड्या वळणाऱ्या दोघींपैकी एक जण त्यानंतर वर्गाला आली नाही.

दुपारी मी बँकेतून जेवायला घरी आले. आई दारात उन्हाला बसून लसूण सोलत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि कोपऱ्यातल्या त्या श्वासाचं सांगितलं. पहिल्या दिवसापासून सकाळपर्यंत. माझं संपल्यावर म्हणाली,

"जाळीच्या खिडकीखाली?"

मी कोपरा म्हटलं होतं. खिडकीचं नाव काढलं नव्हतं.

आईनं लसणाची सालं पदरात गोळा केली. मग सांगायला लागली, माझ्याकडं न बघता, जशी ती बाजारातून काय आणायचं ते सांगते तशी.

"तिथं माझी मैतरीण बसायची. कागलच्या अलीकडच्या खेड्यातनं चालत यायची. मला आक्का म्हणायची, माझ्यापरास ल्हान हुती. चाळण हलवायला लागलं की खकाणा असा उडायचा की समोरचं माणूस दिसायचं न्हाय. आमी पदर नाकाला बांदायचो. पर तो पदराला ऐकतोय व्हय? तिला आधी खोकला लागला. मग शिट्टी. ती मागनं येतीया ते आमाला न बघता कळायचं. मुकादमानं तिला खिडकीखाली बसीवलं, जरा वारं लागंल म्हणून. ती मला म्हणायची, आक्का, पुरा श्वास येतच न्हाय गं. अर्धा येतोय, अर्धा कुठंतरी वाटंतच ऱ्हातोय."

"मग?"

"मग काय. एक दिस आली न्हाय. दुसऱ्या दिशीबी न्हाय. आठवडाभरानं तिच्या गावचा गाडीवान आला, त्यानं सांगितलं." आई थांबली. पाठीला भिंत लावून तिनं दोन श्वास घेतले. "ती जागा मग मला दिली. वाऱ्याची जागा. समद्या म्हणाल्या, तुजं नशीब चांगलं. तिथं बसली तवा पयल्यांदा मला तिचीच शिट्टी ऐकू यायची. कानाशी. चाळण थांबीवली तरी यायची. मी कुणाला बोलले न्हाय. लई दिसांनी कळलं."

"काय कळलं?"

"की ती माजीच हाय."

ऊन चांगलंच होतं, तरी माझ्या हातांवर काटा आला. कारण ती बोलत असताना मी ऐकत होते ते तिचे शब्द नव्हते. तिचा श्वास आत जाताना वरच्या टोकाला अडखळत होता. बाहेर येताना शेवटी बारीक शिट्टी वाजत होती. मी रोज रात्री तिच्याशेजारी झोपत होते. जन्मापासून तो आवाज माझ्या कानात होता, इतका, की तो मला ऐकूच येत नव्हता. वखारीत मी जे ऐकत होते ते हेच होतं. फक्त तिथला श्वास तरुण बाईचा होता.

तो कुणाचा, हे मी आईला विचारलं नाही. तिच्या मैत्रिणीचा, की तिचाच, त्या वयाचा, तिथं बसून राहिलेला. विचारून तिला तरी काय सांगता आलं असतं?

संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, "उद्या मी येती तुज्यासंगं."

मी आधी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, न्या, पण जोर करायचा नाही, श्वास रोखून धरायचा नाही, पंप आणि गोळ्या बंद करायच्या नाहीत. बाईंनाही मी सगळं सांगितलं. या वेळी त्यांनी वाऱ्याचं नाव काढलं नाही. दुसऱ्या दिवशी आई शाल गुंडाळून निघाली. वाटेत ती कितीतरी वेळा थांबली. दाराशी आली तेव्हा चौकटीवर हात ठेवून उभी राहिली आणि आतला वास घेतला.

"व्हय," म्हणाली. "हाच."

तिला खाली बसता येत नव्हतं म्हणून बाईंनी खुर्ची आणली. कुठं ठेवू, विचारलं. आईनं खिडकीखाली बोट केलं. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बाईंनी खुर्ची तिथं ठेवली, जाळीवरचं कापड स्वतःच्या हातानं ओढून काढलं आणि नेहमीच्या आवाजात सुरुवात केली.

आईला आसनं नव्हती. हात वर करायचे, खाली आणायचे. मान हळू फिरवायची. आणि श्वास, नाकानं घ्यायचा, ओठ मिटत आणून फुंकरीसारखा हळू सोडायचा. बाई म्हणाल्या, "उसिरु बिडी." आईनं सोडला. मग ती काहीतरी पुटपुटली. मला वाटलं, तिला शब्द कळला नाही. मी कान दिला.

ती शेजारी बघून बोलत होती. खुर्चीच्या डाव्या हाताला, खाली, जिथं जमिनीवर बसलेल्या माणसाचं डोकं येईल तिथं बघून.

"हळू सोड. घाई न्हाय आता. वखार बंद झालिया."

कुणी हसलं नाही. बाईंनी पुढचा श्वास सांगायला जरा वेळ लावला, एवढंच.

मग रोज ते सुरू झालं. बाई कानडीत सांगायच्या, आई ते आपल्या बोलीत करून शेजारी सांगायची. "आता घे. पुरा न्हाय आला तर न्हाय येऊ दे. जेवढा हाय तेवढाच सोड." शवासनाला सगळ्या आडव्या व्हायच्या आणि आई खुर्चीत डोळे मिटून बसायची. तेव्हा मला डावीकडून दोन श्वास ऐकू यायचे. दोघींची शिट्टी एकसारखी, फक्त एकीची थोडी मागं. कधी कधी त्या जुळायच्या आणि मग कोणती कुठली ते सांगता यायचं नाही. मला भीती वाटायची. पण वर्ग सोडावा असं मात्र वाटलं नाही.

होळीपर्यंत आई वाटेत एकदाच थांबायला लागली. भिंतीची एक उशी निघाली. एका पहाटे मला जाग आली तर ती कुशीवर झोपली होती, गुडघे पोटाशी घेऊन, लहान मुलीसारखी. मी घाबरून तिच्या नाकाशी हात धरला. श्वास येत होता. डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाले, "फुप्फुसं होती तशीच आहेत, ती काही नवी होत नाहीत. पण आहे त्या हवेचा वापर करायला शिकल्यात त्या. आणि दम लागला की पूर्वी घाबरायच्या, त्यानं दम आणखी वाढायचा. ते थांबलंय." मला ते पटलं. माझंही तसंच झालं होतं.

कोपऱ्यातलं मात्र डॉक्टरांना सांगण्यासारखं नव्हतं. तो श्वासही बदलत होता. आधी अडखळणं गेलं. श्वास वर जायचा, थांबायचा नाही, वळून खाली यायचा. शिट्टी बारीक होत होत सुईएवढी झाली.

उन्हाळ्यात आईला ताप आला आणि ती आठवडाभर घरी राहिली. मी एकटी गेले. बायका चटया घालत होत्या. कुणीतरी खुर्ची उचलायला गेलं तर बाई म्हणाल्या, "राहू दे ती." वर्ग सुरू झाला. श्वासाच्या वेळी बाई नेहमीसारखं आम्हाला म्हणाल्या, "उसिरु बिडी." मग खिडकीकडं वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "तुम्ही पण. हळू." वाऱ्याचं कारण सांगणाऱ्या बाई. त्यांच्या कपाळावर घाम होता, पण आवाज शांत होता. त्या शवासनात मी जिवाचा कान करून ऐकलं. एक लांब, गुळगुळीत श्वास गेला, जसा झोपी जाता जाता माणूस टाकतो. त्यानंतर काही ऐकू आलं नाही. मला काही आलं नाही, एवढंच मी खात्रीनं सांगू शकते.

आई बरी होऊन वर्गाला गेली. पहिल्या दिवशी खुर्चीत बसली, शेजारी बघितलं आणि काही पुटपुटली नाही. पुढच्या आठवड्यात तिनं खुर्ची उचलायला सांगितली आणि पहिल्या ओळीत बाईंच्या समोर नेऊन ठेवली. मला म्हणाली, मागं बसलं की बाईंची कानडी नीट ऐकू येत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर माझी बेळगावला परत बदली झाली. आता ती एकटी जाते, एकटी येते. थंडीत पंप लागतो अजून, पण दवाखान्यात न्यावं लागलेलं नाही. मी टिळकवाडीच्या घरात सकाळी गॅलरीत चटई घालते. घाटात बस वळणाला लागली की अजूनही मी खांदे खाली सोडते आणि घ्यायच्या आधी श्वास सोडते.

मागच्या महिन्यात एका रविवारी निपाणीला गेले होते तेव्हा आईबरोबर वर्गाला गेले. खिडकीखाली एक नवी मुलगी चटई घालून पडली होती. नुकतंच लग्न होऊन आलेली, घरी विड्या वळते. मी तिथं जाऊन फरशीला हात लावला. बाकीच्या फरशीसारखीच होती. वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता आईनं तिला विचारलं,

"तिकडं काय ऐकू येतंय का गं तुला?"

"न्हाय की आज्जी. काय यायचं?"

"काय न्हाय. वारं बरं लागतंय तिथं," आई म्हणाली.

आम्ही निघालो. आई माझ्यापुढं चालत होती, कुठं न थांबता. मी म्हटलं, "बघ, किती बरी झालीस." ती भाजी बाजाराच्या वळणापर्यंत तशीच गेली. तिथं वांग्याच्या ढिगासमोर उभी राहिली, दोन वांगी हातात घेऊन दाबून बघितली आणि परत ठेवली.

"बरं झालं तिचं," ती म्हणाली. "पर मला करमत न्हाय गं आता तिथं."